ट्रंकेतलं पणजोबांचं पदक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात जुनं लष्करी पदक सापडलं की माणसं फोटो पाठवतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी मांडली आहेत. मी पाहिलेली पदकं मुख्यतः पहिल्या महायुद्धातली, सातारा, कोल्हापूर आणि कोकण पट्ट्यातल्या घरांमधली आहेत, त्यामुळे उत्तरांचा भरही तिकडेच आहे. आमच्या घरातही असं एक पदक आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

रुपयापेक्षा मोठं, चांदीचं, एका बाजूला राजाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. हे नाणं आहे का?

नाही, हे १९१४–१८ च्या युद्धाचं ब्रिटिश युद्धपदक आहे. व्यास ३६ मिलिमीटर, वजन साधारण तीस ग्रॅम. चेहरा पंचम जॉर्जचा. मागचा घोडेस्वार उघड्या अंगाचा असून घोड्याच्या टापांखाली ढाल आणि कवटी आहे. वर आडवी सरळ दांडी असते आणि तिच्यातून फीत ओवलेली असते. फितीचा मधला पट्टा नारिंगी आणि कडांना पांढऱ्या, काळ्या, निळ्या रेघा.

हे पदक सहसा एकटं नसतं. त्याच्या जोडीला पिवळसर काशाचं विजयपदक असतं. त्यावर पंख असलेली देवी आणि वर गोल कडी, फीत इंद्रधनुष्यासारखी. शिपाई १९१५ संपण्याआधीच रणांगणावर पोहोचला असेल तर तिसराही असतो, मधोमध दोन तलवारी एकमेकींवर आडव्या टाकलेला काशाचा तारा. म्हणून एक सापडलं की ट्रंकेचा तळ, देवघराचा खण आणि जुन्या शिलाई मशीनचा ड्रॉवर नीट बघा. मला तिन्ही जागी पदकं सापडलेली घरं माहीत आहेत.

पदकावर नाव कुठेच नाही. मग ते कुणाचं हे कसं कळणार?

नाव पुढे किंवा मागे नसतं, कडेवर असतं. पदक बोटांच्या चिमटीत उभं धरा आणि नाण्याची कड पाहता तशी त्याची कड पाहा. इंग्रजी मोठ्या लिपीत बारीक अक्षरं ठोकलेली दिसतील. ताऱ्याला अशी जाड कड नसते, त्यामुळे त्याचं नाव मागच्या सपाट बाजूला असतं.

वाचण्याची युक्ती सोपी आहे. खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च टेबलावर आडवा ठेवा आणि उजेड कडेवर तिरपा पडू द्या. समोरून उजेड टाकला तर चांदी चमकते आणि अक्षरं हरवतात. तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली बसते. पदक थोडं थोडं फिरवत सात-आठ फोटो काढा आणि मग फोटो मोठे करून वाचा. खडू, कुंकू किंवा शाई भरून अक्षरं उठवायच्या फंदात पडू नका.

क्रम ठरलेला असतो: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, शेवटी पलटण. हुद्दा बहुधा तोडून लिहिलेला असतो. शिपायाला तेव्हा सेपॉय म्हणत, त्यावरचे नाईक आणि हवालदार ओळखीचे आहेत. जमादार दिसला तर तो आजचा नायब सुभेदार.

नंबर एकट्यानं काही सांगत नाही. प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे, त्यामुळे एकच नंबर अनेक पलटणींत असू शकतो. नंबर आणि पलटण ही जोडी मिळाली तरच माणूस सापडतो.

कडेवरचं नाव आमच्या आडनावाशी जुळत नाही. दुसऱ्याचं पदक घरात आलं असेल का?

तसंही होऊ शकतं, पण आधी दुसरी शक्यता तपासा. नाव सांगणारा खेड्यातला तरुण आणि लिहून घेणारा इंग्रजी वळणाचा कारकून. जाधवांचं जाधाओ झालं, पवारांचं पोवार झालं, शिंद्यांचं सिंडे झालं. कितीतरी जणांचं आडनाव लिहिलंच गेलं नाही. नुसतं स्वतःचं नाव, किंवा नाव आणि पुढे वडिलांचं. आडनाव शोधत बसण्यापेक्षा पणजोबांच्या वडिलांचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कुळाची वंशावळ काढा, तलाठ्याकडचे जुने फेरफार पाहा. कोडं बहुतेकदा तिथेच सुटतं.

पलटणीच्या जागी १०३, ११०, ११७ असे आकडे आहेत. म्हणजे काय?

या मराठा पलटणी आहेत. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सहा होत्या: १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फंट्री; ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या मराठा. इंग्रजीत तेव्हा मराठा या शब्दात ‘एम-ए’नंतर एक जादा ‘एच’ घालत आणि ‘टी’ दोनदा लिहीत. ते पाहून खोटं वाटून घेऊ नका, तेच बरोबर आहे. १९२२ साली या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या. १०३ तिची पहिली बटालियन झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी आणि ११७ पाचवी. ११४ दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली. १०३ ला जंगी पलटण म्हणत आणि १०५ ला काळी पाचवी. पणजीच्या तोंडून यातलं एखादं नाव ऐकलं असेल तर अर्धं काम झालंच. बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्री केंद्र आणि आजची रेजिमेंट हा त्याच पलटणींचा वारसा आहे.

१०३, ११० किंवा ११७ यांपैकी आकडा असेल तर इथे जरा थांबा. या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, बसऱ्याहून तैग्रिस नदीच्या काठानं वर सरकत बगदादच्या जवळ पोहोचली, मागे रेटली गेली आणि कुत अल अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने, तुर्कांचा वेढा होता. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस कितीतरी दिवस नाकारलं, आणि त्या नकाराची किंमत अंगावर काढली. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांत बहुसंख्य भारतीय होते. त्यांना वाळवंटातून चालवत उत्तरेला नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. कितीजण वाटेतच गेले.

आपल्या भागात या सगळ्याला एकच शब्द आहे: बसरा. ‘पणजोबा बसऱ्याला होते’ एवढंच घराघरात शिल्लक असतं. त्या एका शब्दात कुत आहे, बगदाद आहे, कैद आहे. म्हणून पणजोबा बसऱ्याला होते असं कुणी म्हणालं की मी आधी कडेवरचा आकडा विचारते.

१११ महार असं लिहिलेलं असेल तर ते पदक फार दुर्मिळ समजा. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या लष्करात असलेली घरं एका हुकमानं बाहेर पडली. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली ती मोडलीही. पुढे १९४१ साली बेळगावलाच महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे. पण १११ चा आकडा मधल्या त्या चार वर्षांचाच.

आमचं युद्धपदक चांदीचं नाही, काशाचं आहे. नकली आहे का?

नाही. लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मिळालं आणि मजूर तुकड्यांतल्या माणसांना, सामान वाहणाऱ्यांना, लष्कराबरोबरच्या इतर कामगारांना तेच पदक काशाचं मिळालं. धातूतला हा फरक मला आजही टोचतो. पण संग्रह करणारे काशाच्याच मागे असतात, कारण ती कमी निघाली. तुमच्या घरातला माणूस खेचरं हाकत असेल, रस्ते बांधत असेल, भाकऱ्या भाजत असेल. तोही तिथेच होता, त्याच उन्हात.

हातभर नाही, पण ताटलीएवढा जाड काशाचा बिल्ला आहे. एक बाई आणि सिंह, आणि नाव उठावदार अक्षरांत.

हे सांगताना मला दरवेळी थोडं थांबावं लागतं. हा बिल्ला फक्त मेलेल्यांच्या घरी यायचा. सुमारे १२ सेंटिमीटरचा. कडेनं इंग्रजीत लिहिलंय की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. असे साडेतेरा लाखांच्या आसपास बिल्ले ओतले गेले. यावर मुद्दाम हुद्दा लिहिलेला नाही, कारण मरणात सगळे सारखे. बिल्ला घरात असेल तर पणजोबा परत आलेले नाहीत, मग घरची गोष्ट काहीही असो. ‘ते तिकडेच राहिले, तिथेच लग्न केलं’ अशी कहाणी मी तीन घरांत ऐकली आहे, आणि तिन्ही घरांत हा बिल्ला होता.

पणजोबांची नोंद कुठे मिळेल?

ते युद्धात मारले गेले असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे नावाबरोबर बहुधा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. जिल्हा मात्र तेव्हाचा टाका. रायगड शोधाल तर काही मिळणार नाही, कुलाबा टाका. सांगलीतली बरीच गावं तेव्हा साताऱ्यात होती, सिंधुदुर्गातली रत्नागिरीत. कोल्हापूर आणि सावंतवाडी ही संस्थानं होती. गावाचं नाव इंग्रजी कारकुनाच्या कानानं लिहिलेलं असेल, म्हणून चार-पाच प्रकारे लिहून पाहा.

मेसोपोटेमियात मारले गेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. ४० हजारांहून अधिक माणसांसाठी ते उभारलं, पण भिंतीवर नावं इंग्रजांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा, नावं वेगळ्या वहीत. ही वागणूक विषम होती हे आयोगानं २०२१ साली स्वतःच्या अहवालात मान्य केलं. फ्रान्समध्ये मारले गेलेल्यांसाठी न्यूव्ह शापेलला गोल आवाराचं स्मारक आहे. ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं तिथे आहेत. पुण्यात खडकीला १९१४–१८ च्या युद्धाचं स्मारक आहे, त्यासाठी परदेशी जायला नको.

पंजाबातल्या तीन लाखांहून अधिक शिपायांच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि आता इंटरनेटवर आल्या आहेत. त्या बातमीमुळे आपल्याकडचे लोकही तिथे शोधतात. त्या वह्या पंजाबच्या आहेत, मराठी मुलखातली माणसं त्यांत शोधू नका.

गावातही बघा. चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवराची छोटी पाटी असते. या गावातून महायुद्धावर इतकी माणसं गेली आणि त्यांतली इतकी मेली, एवढंच इंग्रजीत आणि कधी मराठीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्या एका गावातली ४६ माणसं पहिल्या महायुद्धात मेली.

आमचे पणजोबा परत आले होते. त्यांची नोंद का सापडत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याच प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

मेलेल्यांची यादी झाली. जगून परत आलेल्या साध्या शिपायाची कागदपत्रं फार कमी उरली. लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये पदकांची पत्रकं आहेत, त्यांत काही हिंदी शिपाई सापडतात. बेळगावच्या केंद्राला पत्र लिहायला हरकत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायला हरकत नाही. पण १९१८ च्या शिपायाबद्दल तिकडून भरपूर काही येईल अशी आशा धरू नका. त्या माणसाच्या नावाचा, पलटणीचा आणि नंबराचा एकमेव पुरावा कितीतरी घरांत कडेवरची ती एक ओळ असते. म्हणूनच पदक चांदीच्या भावानं मोडू नका आणि कड घासू नका, हे मी हात जोडून सांगते.

आमचे पणजोबा ११७ मध्ये होते. परत आले १९१९ साली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई इलाख्यात पाऊस गेला होता आणि इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली होती. त्या साथीत इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. बसऱ्याहून जिवंत परतलेल्या माणसाला घरी दोन भाऊ आणि आई दिसली नाही. आजी सांगायची, ते लढाईबद्दल बोलत नसत. फक्त ताटात एक शीत राहू देत नसत.

पणजीनं त्यांच्या युद्धपदकाची दांडी काढून टाकली, सोनाराकडून डाग देऊन कडी बसवून घेतली आणि पदक काळ्या पोतीत ओवून गळ्यात घातलं. चांदी होती, नवऱ्याची होती. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही आणि मलाही वाटत नाही. फक्त तो डाग कडेवर पसरला आणि नंबराचा पहिला आकडा त्याखाली गेला.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं कशी ओळखायची?

काशाचे सहा टोकांचे तारे. ते सगळे सारखेच दिसतात, पण मधल्या वर्तुळात आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश असं लिहिलेलं असतं. वाळूच्या रंगाची फीत आफ्रिकेची. लाल, पांढरी, हिरवी इटलीची. मराठा पलटणी इरिट्रियातल्या केरेनला लढल्या, लिबियातल्या टोब्रुकला पकडल्या गेल्या, मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर उभ्या राहिल्या. एका पदकावर हिंदुस्थानचा नकाशा दिसेल. ते भारतातल्या सेवेसाठीचं आहे, ते घेणारा माणूस देशाबाहेर गेलाच असेल असं नाही. या पदकांवर कधी नाव असतं, कधी नसतं.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्यांची सगळी माहिती मिळते. मग आमच्या आजोबांची का नाही?

व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यासाठीचं सगळ्यात मोठं ब्रिटिश पदक, त्यामुळे ते मिळालेल्यांचं शौर्य तेव्हाच लिहून छापलं गेलं. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकटे मशीनगनवर धावून गेले, ती काबीज केली आणि तिथेच मारले गेले, वय २२. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्याच सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून आणलं, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ साली घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. त्यांच्या शेजारी लढलेल्या बाकीच्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही. ते काम घरच्यांकडे आलं आहे.

पदक काळं पडलंय. चिंच, राख किंवा पावडरीनं घासलं तर चालेल का?

नाही. आमच्या काकांनी दर दसऱ्याला शस्त्रपूजेत पदक घासून ठेवलं. चाळीस वर्षांत राजाचं नाक गेलं आणि कडेवरची अक्षरं बोटाला लागेनाशी झाली. त्यांचा भाव चांगलाच होता. चांदीवरचा काळा थर पदकाचं काही बिघडवत नाही. मऊ सुती कापडानं धूळ टिपा, बस. वर्तमानपत्रात, रबर बँड लावून किंवा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवा. कोकणात पावसाळ्यात ओल शोषणारी पुडी बरोबर टाका. फीत कुजली असेल तर नवी लावा, पण जुनी टाकू नका.

वाटण्यांच्या वेळी पदकंही वाटली गेली. आता काय करायचं?

पदकं परत मागू नका, फोटो मागा. आमचं विजयपदक बडोद्याच्या चुलत आत्याकडे गेलं होतं. तिनं ते कधी घासलं नव्हतं, कारण काशाला कोण घासतो. तिच्या मुलीनं कडेचे फोटो पाठवले आणि डागाखाली गेलेला आकडा त्यात स्वच्छ दिसला: ३. दोन्ही पदकांवर एकाच माणसाचा एकच नंबर असतो, हे लक्षात ठेवा. एका भावाकडचं पुसलेलं दुसऱ्याकडे सापडतं.

किती रुपये येतील?

किंमत सांगणं माझं काम नाही. एवढं मात्र सांगते. शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली पदकं आता ती शंभरी ओलांडत आहेत. परदेशातून कुणी फोटो पाहून मोठी रक्कम देऊ केली तर पोस्टात टाकून मोकळं होऊ नका. विकायचंच असेल तर आधी कडेचे फोटो काढून ठेवा. बरोबर तलवार किंवा संगीन असेल तर परवान्याबद्दल पोलीस ठाण्यात विचारा.

इंग्रजांसाठी लढलेल्या माणसाचं पदक भिंतीवर लावावं का?

तरुण मुलं हे विचारतात, आणि विचारायलाच हवं. पणजोबांनी भरतीच्या वेळी साम्राज्याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात चार भावांत अडीच एकर जमीन असली की दरमहा येणारी मनीऑर्डर हाच विचार असतो. ती मनीऑर्डर पोस्टमननं पणजीच्या हातावर मोजून दिली आणि त्यावर घर जगलं. पदकावरचा राजा आमचा नव्हता. कडेवरचा माणूस आमचा आहे. आम्ही ते लावलं आहे, कड दिसेल असं, उभं.

पदकाबरोबर काय लिहून ठेवावं?

एक चिठ्ठी, चांगल्या कागदावर, पेन्सिलीनं, मराठीत. कडेवरची ओळ जशीच्या तशी. माणसाचं घरातलं नाव, वडिलांचं नाव, गाव. पदक कुणाकडून कुणाकडे आलं. घरात त्याच्याबद्दल काय सांगतात, आणि ते कुणी सांगितलं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आजच विचारा, मोबाइलवर आवाज भरून घ्या. जोडीची पदकं कुठे आहेत तेही लिहा.

आमच्या चिठ्ठीत पणजोबांच्या नंबरानंतर लिहिलं आहे: ‘पहिला आकडा बडोद्याच्या पदकावरून घेतला. कडी पणजीनं बसवून घेतली, ती काढू नये.’